रबराखालचे तीन ठिपके

गाडीत माणूस गेलेला असला की हमीद डेंटरच्या तळहाताला ते कळतं, असं जालन्यात बरेच जण सांगतात. मी ते कधी खोडून काढलं नाही, धंद्याला बरं असतं. पण आता शेड बंद करून वर्ष झालं आणि या अंकाच्या संपादकांनी ‘जे खरं असेल ते लिहा’ असं बजावलंय, म्हणून सांगून टाकतो. तळहाताला तसलं काही कळत नाही. ते गाडीवर लिहिलेलं असतं, आणि लिहिणारे आम्हीच असतो.

आधी काम काय ते सांगतो. डेंटर म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा पुन्हा होता तसा करणारा माणूस. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी मारायची, जिथं पत्रा ऐकत नाही तिथं पुट्टी भरून घासायची. पुढचं काम रंगाऱ्याचं. जुनी गाडी विकत घेण्याआधी ती कुठं ठोकलेली आहे का, हे बघायलाही लोक आमच्याकडेच येतात. मी डोळे मिटून गाडीवरून तळहात फिरवायचो. पत्रा थंड लागतो, पुट्टी जराशी कोमट लागते. बोटभर जागेत जरी पुट्टी असली तरी हात तिथं थबकतो. डोळे मिटायची खरं तर गरज नसते, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

माझे उस्ताद हैदराबादेत काम शिकून आलेले. त्यांनी मला हातोडी हातात देण्याआधी एक रिवाज शिकवला. ज्या गाडीत जीव गेला आहे अशी गाडी दुरुस्तीला आली, तर ती मन लावून नीट करायची. फक्त शेवटी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर खालच्या बाजूला जे रबर बसवतात, ते बसवण्याआधी उघड्या पत्र्यावर पंच, म्हणजे टोकदार पोलादी सळई, ठेवून हातोडीनं तीन ठिपके मारायचे. त्रिकोणात. मग रबर चढवायचं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही. पुढं कधी ती गाडी दुसऱ्या कारागिराकडे गेली आणि त्यानं रबर उचकटलं, की त्याला समजतं की हिची हाडं एकदा मोडून सांधलेली आहेत, कापताना आणि जोड देताना जपायला पाहिजे. गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही बोलायचं नाही. उस्ताद म्हणायचे, गिऱ्हाइकाला सांगितलं तर ठोकलेल्या गाड्या आपल्याकडे कोण आणणार, आणि आपण खायचं काय?

अशा गाड्या शेडमध्ये यायच्या तेव्हा आम्ही रेडिओ बंद करायचो. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण हात आपोआप जायचा. एका गाडीचं पुढचं सगळं छताला भिडलं होतं आणि आतलं घड्याळ चालू होतं, बरोबर वेळ दाखवत. एका गाडीच्या सीटखाली जेवणाचा डबा निघाला. झाकण घट्ट होतं. तो उघडायचा की तसाच टाकायचा, यावर आम्ही तिघं मोठी माणसं अर्धा तास उभे होतो. शेवटी उघडला. मेथीची भाजी होती, आणि वर कागदात गुंडाळलेलं थोडं मीठ. त्या दिवशी शेडमध्ये कुणी जेवलं नाही.

सगळीच गिऱ्हाइकं अशी नसायची. आडत बाजारातला एक म्हातारा व्यापारी आख्खी गाडी रंगवायला आला आणि मागच्या दारावरची वीतभर खरचट तेवढी तशीच ठेवा म्हणाला. नात सायकल शिकताना तिथं आपटली होती आणि आता परदेशात होती. ती खरचट वाचवून रंग मारायला आमच्या रंगाऱ्याला नव्या दारापेक्षा जास्त वेळ लागला. मला अशी माणसं आवडायची. गाडी म्हणजे निव्वळ लोखंड, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

आता त्या दोन गाड्यांचं सांगतो.

नवीन जालन्यात बियाण्याच्या एका जुन्या पेढीचे मालक आहेत. त्यांची पहिली जीपगाडी मी ठोकून सरळ केली होती, तेव्हापासूनचा संबंध. त्यांची मुलगी मुक्ता बाहेर शिकून आली आणि धंद्यात बसली. तिला शर्यतीच्या घाटणीची गाडी घ्यायची होती, एका बड्या विलायती कंपनीची. कंपनीचं नाव मी घेत नाही. नवी नको, वापरलेली चालेल, पण मनासारखी पाहिजे. मुंबईच्या केतन नावाच्या दलालानं त्याच कंपनीच्या दोन वेगळ्या मॉडेलच्या गाड्या जालन्याला आणल्या, एक लाल आणि एक करडी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोन्ही माझ्या शेडसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या पंक्चरवाल्यानं काम सोडून खुर्ची बाहेर टाकली.

‘‘चाचा,’’ मुक्ता म्हणाली, ‘‘दोनातली एक घ्यायचीय. बाबा म्हणून राह्यले, हमीदभाईनं हात लावल्याशिवाय गाडी दारात उभी न्हाई करायची.’’

‘‘हात लावतो बेटा,’’ मी म्हणालो. ‘‘पण आधी चालवून बघू. जल्दी कशाची?’’

मंठा रोडला आम्ही दोन्ही गाड्या नेल्या. ती चालवत होती, मी बाजूला. एकाच घरातल्या दोन बहिणी, पण स्वभाव एकमेकींच्या उलट. लाल गाडीचं इंजिन पुढं. बोनेट एवढं लांब की गाडीचं नाक कुठं संपतं ते आतून दिसत नाही. मागं दोन सीटा आहेत, त्या नावाला. तिथं भाजीची पिशवी बसेल, माणूस बसायचा नाही. पण गाडी समजूतदार. खड्डा आला तर पोटात घालते, वळणावर आपलं थोडं चुकलं तर सांभाळून घेते. दार लावलं की बाहेरचं जग बंद. शंभरच्या वर गेलो तरी मला माझा श्वास ऐकू येत होता.

करडीचं इंजिन सीटच्या लगेच मागं. पाठीला धग लागते आणि कानात सतत गुरगुर. दोनच सीटा, जमिनीला टेकलेल्या. मला उतरताना आधी गुडघा मग हात असं करावं लागलं. स्टिअरिंग इतकं हलकं की वळायचं मनात आणेपर्यंत गाडी वळलेली असते. रस्त्यावरचा खडा न् खडा तळव्याला कळतो. आणि चूक अजिबात माफ नाही. वळणावर घाबरून पाय एकदम उचलला, तर मागची बाजू पुढं यायला बघते. एका गतिरोधकावर तिचं पोट घासलं तेव्हा केतन मागून येणाऱ्या गाडीत बसून ओरडत होता, ते आम्हाला आरशात दिसलं.

‘‘करडी माझ्याशी बोलते,’’ परत येताना मुक्ता म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. ‘‘लाल चांगलीय, पण ती बाबांची गाडी वाटून राह्यली.’’

शेडवर आल्यावर मी हात फिरवला. दोन्ही गाड्यांचं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे आमचं चुंबक तिथं चिकटत नाही आणि तळहात हाच एक साक्षीदार. लाल गाडीवर नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, सगळीकडे सारखी थंड. करडीही थंडच. खरं तर आधी रबर उचकटून बघायचं आणि मग हात लावायचा, हा क्रम मी स्वतः माझ्या कारागिरांना शिकवला होता. पण अशा गाड्या कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपात जातात, संगणकावर दुरुस्त होतात, आमच्यासारख्यांच्या पंचाखाली कशाला येतील, असं मला वाटलं. शिवाय केतन म्हणाला, ‘‘काका, रबर नका ओढू, मिळत नाही परत.’’ आणि शेवटचं कारण म्हणजे घमेंड. चाळीस वर्षांचा हात आहे, रबर कशाला, असं मी मनात म्हटलं.

ती दोघं समोर जेवायला गेली. मुक्ताला लाल गाडी परत एकदा न्यायची होती म्हणून तिची चावी तिच्याकडेच राहिली, करडीची केतननं मला दिली. मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि चहाचा कप घेऊन करडीच्या बाजूनं निघालो.

गाडीचे दिवे उघडझाप झाले. बाजूचे दुमडलेले आरसे हळूहळू उघडले. आणि काचेआड ड्रायव्हरची रिकामी सीट सरकायला लागली. अगदी मागं, टेकेपर्यंत. पाठ थोडी कलली. स्टिअरिंग वर झालं. मग सगळं थांबलं, कुणीतरी बसून तयार झाल्यासारखं.

मी मागं सरलो. थोड्या वेळानं आरसे मिटले. पुन्हा दोन पावलं पुढं गेलो, पुन्हा दिवे, पुन्हा आरसे. चावी जवळ आली की या गाड्या जाग्या होतात आणि चालवणाऱ्याच्या मापानं सीट लावून देतात, हे मला माहीत होतं. अशा गाड्या आता आपल्याकडेही येतात. मी भ्यालो तो दुसऱ्याच कारणानं. केतन सकाळी म्हणाला होता की या गाडीची एकच मालकीण, ठाण्याची डॉक्टर, पाच फूटसुद्धा नाही, गाडी फक्त रविवारी काढायची. मग ही सीट कुणासाठी मागं जात होती? मी दार उघडून पाहिलं. डोकं टेकायची उशी सगळ्यात वरच्या खाचेत होती आणि तिच्या वरच्या कडेला तेलकट डाग पडला होता, मी त्या सीटवर बसलो असतो तर माझ्या टाळूच्याही वर. सहा फुटांच्या आतल्या माणसाचं डोकं तिथं पोचणार नाही. भर दुपारची वेळ, रस्त्यावर ऊन रणरणत होतं, पंक्चरवाला खुर्चीत घोरत होता. मी तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली आणि दार लावलं. आतून सीट पुन्हा जराशी सरकल्याचा आवाज आला.

मुक्ता आली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं.

‘‘करडी नको बेटा.’’

‘‘का चाचा? ठोकलेलीय का?’’

‘‘हाताला काही लागलं न्हाई. पण ती गाडी बराबर न्हाई. तू लाल घे. लाल सांभाळून नेईल तुला.’’

तिला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. तिनं करडीकडे एकदा पाहिलं आणि हसली. ‘‘तुम्ही म्हणता तर लालच. मंग एकदा समृद्धीवर नेऊन आणते, लांब रस्त्याला कशी जाते ते पाहते.’’ केतन तिच्या बाजूला बसला आणि लाल गाडी काही आवाज न करता गेली.

मी एकटा राहिलो, करडीसोबत. मनातली शंका मिटवायची म्हणून ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खालचं रबर एका टोकानं हळूच उचकटलं. केतनला दिसणार नव्हतं. ठिपके असणारच, अशी माझी खात्री होती. पूर्ण रबर काढलं. आत कारखान्यातला जोड जसाच्या तसा होता, त्यावरचा मूळ रंगही शाबूत. कुणाचा हात त्याला कधी लागलाच नव्हता. मी खिशातली चावी काढली, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच ती नीट पाहिली. मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. त्यावर लिहिलं होतं, ‘अजयची’, अक्षर डॉक्टरीणबाईंचंच असावं. नवऱ्याची चावी. नवरा उंच असणार, आणि जिवंत.

मला आधी हसू आलं. मग नजर लाल गाडीच्या रिकाम्या जागेकडे गेली. भुताला भिऊन मी करडीचं रबर काढलं होतं. लाल गाडी गोड वागली म्हणून तिचं काढलंच नव्हतं. आणि माझ्या शब्दावर ती पोरगी लाल गाडी घेऊन गेली होती.

मी मुक्ताला फोन लावला. तो शेडमधल्याच बाकावर वाजला. जाताना विसरून गेली होती. केतनचा नंबर लागत नव्हता. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो, आत गेलो, परत बाहेर आलो. पंक्चरवाला जागा होऊन म्हणाला, ‘‘काय झालं चाचा? इतके का फिरून राह्यले?’’ मी केतनचा नंबर पुन्हा लावला.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते लिहायलाच पाहिजे. मंठ्याचे एक मास्तर होते. त्यांनी एका विकणाऱ्याकडे जुनी जीपगाडी बघितली आणि दाखवायला नेमकी माझ्याकडे आणली. ती गाडी मीच सांधलेली होती. रबराखाली माझे तीन ठिपके होते. मास्तरांनी विचारलं, ‘‘हमीदभाई, कशीय?’’ मी म्हणालो, ‘‘पत्रा चांगलाय.’’ पत्रा चांगलाच होता, खोटं मी काहीच बोललो नाही. पावसाळ्यात एका पुलाच्या उतारावर गाडीचा तळ माझ्या जोडावर उकलला. मास्तर वाचले, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. महिन्यानं त्यांच्या बाई शेडवर आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘तुम्हाला माहीत होतं का?’’ मी म्हणालो, ‘‘बाई, मी खूण ठेवली होती.’’ त्या म्हणाल्या, ‘‘कुणासाठी?’’ त्यानंतर मी ठिपके मारायचे सोडले नाहीत आणि सांगायला सुरुवातही केली नाही. फक्त मास्तर दिसले की रस्ता बदलायचो.

तासाभरानं लाल गाडी आली. मुक्ता उतरली, दोन्ही हातांची बोटं ताणली.

‘‘मस्त जाते चाचा. फक्त एकशे वीसच्या जवळ गेली की डावीकडे ओढून राह्यली. जास्त न्हाई, इवलं. मी आधी म्हटलं माझाच हात असेल. मंग हात सैल सोडून पाह्यला तर सरळ कठड्याकडे निघाली. केतनदादांनी स्टिअरिंग धरलं.’’

केतनचा चेहरा उतरलेला होता. ‘‘चाकांची अलाइनमेंट असेल,’’ तो म्हणाला.

मी खाली बसलो आणि लाल गाडीचं रबर उचकटलं. या वेळी केतननं अडवलं नाही. वीतभर रबर निघालं आणि ठिपके दिसले. तीन, त्रिकोणात. खालचे दोन ठिपके उजवीकडे कललेले होते. पंच उजव्या हातात आणि हातोडी डाव्या हातात धरली की तसे कलतात. माझ्या शेडमध्ये डावखुरा कारागीर एकच होता, युनूस. नऊ वर्षं माझ्याकडे काम करून तो मुंबईला गेला, आता त्याची स्वतःची मोठी शेड आहे आणि बड्या गाड्या त्याच्याकडे जातात हे मला ऐकून माहीत होतं. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

मुक्ता शेजारी वाकली होती. ‘‘हे काय चाचा?’’

मी तिला सांगितलं. उस्तादांना दिलेला शब्द मी त्या दिवशी मोडला. एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही. ठिपके कशाचे, कुणासाठी, मास्तरांचा पाय, सगळंच सांगितलं. ती जमिनीवरच बसून ऐकत होती. तिनं बोट त्या ठिपक्यांवर ठेवलं आणि लगेच उचललं.

मग मी युनूसला फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

‘‘सलाम उस्ताद. आज कशी याद केली?’’

मी गाडीचा नंबर सांगितला. पलीकडे हातोडी चालू होती ती थांबली.

‘‘जालन्याला आली का ती,’’ युनूस म्हणाला. ‘‘डावीकडून पूर्ण आत गेल्ती उस्ताद. सगळे पत्रे नवे टाकले, पुट्टी बिलकुल न्हाई भरली. चौकट खेचून घेतली, पण सूतभर राह्यलं असेल. मी ठिपके मारून ठेवल्ते. तुम्ही आधी रबर न्हाई पाह्यलं का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘तुम्ही, उस्ताद?’’ तो म्हणाला. त्याला ते खरं वाटलं नसावं.

‘‘विकणाऱ्याला सांगितल्तं का तू?’’ मी विचारलं.

‘‘आपण कुठं सांगतो उस्ताद? मी माझं काम बराबर केलं.’’

मला त्याच्यावर रागवायचं होतं. कुठल्या तोंडानं रागावणार होतो?

मुक्तानं माझ्या हातातला फोन घेतला. ‘‘दादा, त्या गाडीत कोण गेलं?’’

‘‘माहीत न्हाई ताई. एकजण होता म्हणे.’’

‘‘नाव?’’

‘‘नाव आपण विचारत न्हाई. उस्तादांनीच सांगितल्तं. नाव कळलं की हात चालत न्हाई.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरं होतं ते. नव्या कारागिराला मी हे पहिल्या आठवड्यात सांगायचो. मला कुणी सांगितलेलं नव्हतं, हा नियम माझाच होता. ती डब्याची गाडी झाल्यानंतर मी तो केला होता.

केतन खाली बसून रबर पुन्हा चढवायला लागला, तेव्हा मुक्ता म्हणाली, ‘‘राहू द्या. उघडंच राहू द्या.’’ तिनं त्याच्याकडून लाल गाडीच्या मूळ मालकाच्या घरचा नंबर मागितला. तो देईना, मग दिला. ती माझ्या स्टुलावर बसली आणि तिथूनच फोन केला. आम्हाला तिचीच बाजू ऐकू येत होती. ‘‘तुमची लाल गाडी,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई, घ्यायची म्हणून न्हाई. तिच्यात कोण होतं ते विचारायचं होतं.’’ त्यानंतर ती बराच वेळ फक्त ऐकत राहिली. मधे एकदा ‘‘हो काकू’’ म्हणाली. पंक्चरवाल्यानं चाकाला हवा भरायचं मशीन स्वतःहून बंद केलं.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘‘विवेक. एकतीस वर्षांचा होता. त्याची आई बोलली. तिला वाटलं होतं गाडी भंगारात गेली.’’

लाल गाडी केतन त्याच संध्याकाळी घेऊन गेला, रबर सीटवर टाकून. पुढं तिचं काय झालं ते मी विचारलं नाही, मुक्तानं विचारलं असेल. पंधरा दिवसांनी तिनं करडी घेतली. तिच्या बाबांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला, पण पूर्वीसारखे माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, तेच बरोबर होतं. शेवटचे जे काही महिने शेड चालवली, त्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी रबर काढून दाखवलं आणि मग हात लावला. गिऱ्हाइकं कमी झाली. युनूसनं एकदा फोन करून सांगितलं की तोही आता सांगतो. खरं सांगतो की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.

मंठ्याला मी जाऊन आलो. मास्तर ओट्यावर बसले होते, मला ओळखलं, बस म्हणाले. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या जीपगाडीत त्यांच्या आधी जो गेला, त्याचं नाव काय. मला सांगता आलं नाही. माझ्या हातून अशा एकोणीस गाड्या गेल्या. कुठली कुठून चेपली होती, कुठला जोड कुठं दिला, रंग कोणता होता, मी आजही डोळे मिटून सांगेन. नाव एकाचंही माहीत नाही.